मोटार चालू असताना

महिनाभरात कादंबरी लिहून होते, असं लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, "आणि पैसे किती घेतात?" कुणी फुकट काही देऊ लागलं की मला घाम फुटतो. ती म्हणाली, "काही घेत नाहीत गं आई. ग्रुपवर रोज किती शब्द झाले ते टाकायचं, बस. तुझी प्रॉडक्टिव्हिटी वाढेल." मी शाळेतून रिटायर झाल्यापासून माझी प्रॉडक्टिव्हिटी तिला पुण्यात बसून फार दिसते. मुरुडजवळच्या आमच्या वाडीतली नारळ-सुपारी, येणारे-जाणारे, ह्यांचं पथ्यपाणी, हे सगळं त्यात धरत नसावेत.

तरी मी नाव दिलं. कादंबरी लिहीन, कादंबरी लिहीन, असं मी नोकरीत असल्यापासून म्हणत आले होते. आता नाही जमलं तर पुन्हा तोंड उघडायची सोय नव्हती.

ग्रुपवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास बसला नाही. एक गृहस्थ रोज पहाटे गुलाबाच्या चित्राखाली भलामोठा आकडा टाकायचे. हा माणूस जेवतो कधी, झोपतो कधी? माझी खात्री होती की जुनंपानं काहीतरी आणून चिकटवतोय. एक बाई प्रत्येकाला "वा ताई, वा दादा" करायच्या, पण त्यांचा स्वतःचा आकडा कधी दिसला नाही. सगळे थापाडे, असं म्हणत मी त्यांचे आकडे रोज बघायचे आणि स्वतःचा आकडा न टाकताच फोन ठेवून द्यायचे.

कारण माझी बोटं चालत नव्हती. शेवटी लेकीने फोनशी बोलून लिहायची सोय दाखवली. आपण बोलायचं, तो लिहितो. पण एकटीने बडबडताना कुणी ऐकलं तर काय म्हणेल? म्हणून मी शिपण्याची वेळ धरली. दिवाळीनंतर आमच्याकडे वाडीला पाणी द्यावं लागतं. हे दुपारी मोटार लावतात आणि पाटाचं पाणी या आळ्यातून त्या आळ्यात वळवत थेट टोकापर्यंत जातात. मोटारीचा आवाज असा की विहिरीपाशी कुणी गळा काढून रडलं तरी कळू नये. मी तिथेच पायरीवर बसायचे आणि फोन तोंडाशी धरून ओरडायचे.

माझ्या कादंबरीतली बाई माझ्याच वयाची होती आणि आपली गोष्ट आपणच सांगायची. तिचा नवरा जेवताना टीव्हीवरून नजर काढायचा नाही. एक दिवस ती घर सोडते, आगरदांड्याला जाते आणि लाँचने पलीकडे दिघीला उतरते, एवढं मी ठरवलं होतं. पुढे ती काय करते ते मलाही ठाऊक नव्हतं.

एका दुपारी वाक्याच्या मध्येच लाइट गेली. मोटार थांबली आणि माझंच ओरडणं माझ्या कानावर आलं, "मला या घरात आता राहायचं नाही. मी दिघीला जाणार." मी दचकून बघितलं. हे नेहमीसारखे टोकाला नव्हते, अलीकडच्याच आळ्यात होते, पण पाठमोरे, माती नीट करत. सुटले बाई, म्हटलं, आणि फोन बंद केला.

त्याच आठवड्यात आमचे हे बदलले. ज्या माणसाने जन्मात कधी बाजाराची पिशवी उचलली नाही, तो सकाळी जाऊन सुरमई घेऊन आला, तीसुद्धा साफ करून. चहा झाला की कप स्वतः विसळायला लागले. रेवदंड्याला माझी नणंद असते, तिच्याशी फोनवर हळू आवाजात बोलायचे, आणि मी दिसले की पावसापाण्याचं काढायचे. ते दिवस पावसाचेही नव्हते. टीव्ही तर जेवताना लावेनातच.

कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळलं. शेजारची वाडी बघायला मुंबईची माणसं गाडी घेऊन येऊन गेली होती. हे आपली वाडी विकताहेत, आणि मला आधी लोणी लावताहेत, असा मी निष्कर्ष काढला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मी कपाट उपसलं. जमिनीचे कागद होते तिथेच होते. पण कपाटावरची माझी प्रवासाची बॅग नव्हती. ती सापडली पडवीत, सुपारीच्या पोत्यांच्या मागे, वर गोणपाट टाकलेलं. मग मात्र माझं डोकंच फिरलं.

हे वाडीतून आले तेव्हा मी बॅग ओटीवर मधोमध ठेवून बसले होते.

"ही कुणी लपवली?"

ह्यांनी पाय धुतले, पुसले. मग म्हणाले, "दिघीला कोण आहे तुझं?"

मला आधी काही कळेना. कळलं तेव्हा मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं. "अहो, ती कादंबरी आहे. ती बाई जाते, मी नाही."

हे हसले नाहीत. "तिचा नवरा टीव्ही बघत जेवतो म्हणे."

म्हणजे लाइट जायच्या आधीपासून ऐकत होते. मोटारीच्या आवाजात, एकेक आळं माझ्याकडे सरकत सरकत. मला लाज वाटली, रागही आला, आणि त्या विसळलेल्या कपांचं फार वाईट वाटलं.

"सगळे नवरे बघतात," मी म्हटलं.

"परत येते का ती?"

"अजून लिहायचंय."

"येईल असं लिही," हे म्हणाले. मग पंचा वाळत टाकता टाकता, "नाहीतर तुला वाटेल तसं लिही."

खरं सांगायचं तर ती परत येते का, ते मलाच ठाऊक नव्हतं. त्या बाईला दिघीच्या जेटीवर उतरवलं तेव्हा मला इतकं मोकळं वाटलं होतं की मी ग्रुपवर आकडा टाकायलाही विसरले होते. हे मी ह्यांना सांगितलं नाही.

"बॅग वर ठेवा जागेवर," एवढंच म्हटलं.

ह्यांनी स्टूल ओढलं. चढण्याआधी बॅगेची चेन उघडली आणि आत हात घालून सगळे कप्पे बघितले. बॅग रिकामी होती. तरी वर ठेवताना ह्यांनी ती पार भिंतीला टेकवली, माझा हात पोचणार नाही इतकी आत.