चावी आत, माणूस बाहेर

तीस वर्षं लोकांची बंद दारं उघडून देणाऱ्या चावीवाल्याला घराघरांतलं पुष्कळ ठाऊक होतं, पण त्याबद्दल तो कधी चकार शब्द काढत नसे. आता मात्र लेक-जावई नवं घर घ्यायला निघाले होते, आणि टेकडीवरचं उपनगर की तळ्याकाठचं, इथं त्यांचं घोडं महिनाभर अडलं होतं. शाळा, बागा, रस्ते, सगळंच तोडीस तोड.

शेवटी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही दोन्हीकडे जाता. तुम्हीच सांगा."

कानस पुसता पुसता तो म्हणाला, "चावी आत राहून दार लागलं, की टेकडीवरचे लोक गाडीच्या काचा वर करून माझी वाट बघतात. तळ्याकाठी दारात कुणीच नसतं. घरचे शेजाऱ्यांकडे चहा पीत बसलेले असतात, त्यांना हुडकण्यातच माझा निम्मा वेळ जातो."

"मग तळ्याकाठीच घेऊ," जावई म्हणाला.

"घ्या की." त्यानं कानस पेटीत टाकून झाकण लावलं. "आपल्या गल्लीतून मात्र तीस वर्षांत मला एकदाही बोलावणं आलं नाही. इथं प्रत्येकाची दुसरी चावी समोरच्या घरी असते."