नळीतला चिखल

परवा मी मिक्सर खोलला. साफ केला, परत जोडला, आणि हातात एक स्क्रू उरला. आमच्या घरात ही काही बातमी नव्हे — माझ्या उरलेल्या स्क्रूंसाठी बायकोनं ओट्यावर एक वाटीच ठेवली आहे. स्क्रू वाटीत टाकून ती म्हणाली, "नशीब आमचं, आण्णांच्या बंदुकीला कधी हात लावला न्हाईसा."

मला हसता आलं नाही.

लावला होता. नऊ वर्षं झाली. परवापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं — आणि सांगायचं म्हटलं तरी सुरुवात कुठून करायची?

आण्णापासूनच करतो. आण्णा माझा थोरला भाऊ. गाव शहराला लागूनच. संध्याकाळी म्हशी घेऊन तो कोल्हापुरात दूध विकायच्या कट्ट्यावर यायचा आणि गिऱ्हाइकासमोर धार काढायचा. डाव्या हातात पेला, उजव्यानं धार. फेस काठाच्या वर, पण थेंब म्हणून सांडायचा नाही.

वडिलांची दुनळी बंदूक त्याच्या नावावर होती, उसात रानडुकरं शिरतात म्हणून. त्या वर्षी खंडेनवमीला बायको हुपरीला माहेरी होती. पूजेला हत्यारं मांडायची होती आणि आण्णा म्हशी धुवायला गेला होता. मी म्हटलं, बंदूक मी साफ करतो. मोबाइलवर व्हिडिओ बघितला होता — अर्धा. नळ्या सुट्या केल्या, गजाला तेलाचा फडका गुंडाळला, नळीत सारला. तो आत घट्ट बसला. मी ओढला, हिसडला. गज बाहेर आला.

मोकळाच.

हे मी पाहिलं, बरं का. फडका कुठं गेला, असं मनात आलंही. पण आतून आरतीला हाका मारत होते, आणि जोडताना काहीतरी उरणार या भीतीनं मला घाम फुटला होता. काहीच उरलं नाही. काय आनंद झाला मला! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

आण्णानं विचारलं, "नळीतनं बघितलंस न्हवं?"

"व्हय की. आरशागत हाय."

सहा दिवसांनी, सकाळी, उसात डुकरं शिरली. आण्णानं हवेत बार काढला. नळी फुटली. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली.

दवाखान्यात सगळे गप्प. बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं फुटलेली नळी बघून एवढंच सांगितलं होतं, आत काहीतरी अडकलेलं होतं. मला ती शांतता सोसेना. म्हणालो, "बांधावर घसरला असंल आण्णा. नळी चिखलात गेली असंल."

एवढंच. पण घरात गोष्टी सांगणारा माणूस मी — एवढ्यावर थांबतो होय? पुढच्या जत्रेला त्या गोष्टीत एक बेडूक आला. पुतणीच्या लग्नात आण्णाची चप्पल चिखलात रुतली. तो कसा घसरला याची मी नक्कल करायचो, सगळं घर लोळायचं, आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसायचं? आण्णा. आता तर तोच सांगतो — कुठला बांध, कुठला पाय. "माझंच चुकलं की," म्हणतो. त्याला तो चिखल आठवतो. जो नव्हताच.

बंदूक मी साफ केली होती, हे त्यानं कधी कुणापुढं काढलं नाही. मी 'आरशागत हाय' म्हणालो होतो ना — त्याच्या लेखी विषय तिथंच मिटला.

म्हशी विकल्या. आता संध्याकाळी तो कट्ट्यावर दुसऱ्यांच्या म्हशींजवळ उभा राहतो. मी दिसलो की अनोळखी गिऱ्हाइकालाही थांबवतो, "पावणं, जरा दम धरा. आमचा भाऊ चिखलाची गोष्ट लई झ्याक सांगतो." आणि मी सांगतो. गेल्या महिन्यातही सांगितली. नकलेसकट.

परवा मिक्सर तसाच ठेवून मी बायकोला हे सगळं सांगितलं. तिनं स्क्रूंची वाटी उचलून माझ्यासमोर ठेवली. मग जे बोलली, ते मी अजून केलेलं नाही.

"आण्णांना सांगा," ती म्हणाली. "आन् सांगताना हसवू नका."