तेरा मीटरच्या आत

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. यवतमाळच्या परिवहन कार्यालयाच्या ब्रेक-चाचणी पथावर आमच्या तांड्याची मिनीबस उभी होती आणि तिची तपासणी मला करायची होती. मंगळवारी बारावीचा पहिला पेपर होता. केंद्र ढाणकीला. तांड्यातल्या नऊ मुली, त्यांत माझी धाकटी बहीण, याच बसने कॉलेजला जात. एसटीची सकाळची फेरी बंद झाली, तेव्हा बापांनी मुलींना शिकू दिले ते एकाच अटीवर: काकांची बस असेल तरच. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, बसचे मालक आणि चालक.

बसच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत संपली होती. तपासणी पथकाने रस्त्यावर एकदा समज देऊन सोडले होते; पुढच्या वेळी बस जप्त होणार होती. लग्नसराईत भाड्याची जीप मिळत नव्हती. थोडक्यात, बस उत्तीर्ण झाली तरच नऊ मुली परीक्षेला बसणार होत्या.

मी यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर, सहायक निरीक्षक. ही आमच्या घरची गाडी आहे, हे मी वरिष्ठांना आधीच सांगितले होते.

“दुसरे दोघे निरीक्षक रजेवर आहेत, मॅडम, माणूस कुठून आणू?” ते म्हणाले. “टेप मी धरतो. तुम्ही आत बसून वेग बघा. उद्या कोणी बोट दाखवायला नको.”

नियम एका वाक्याचा आहे. ताशी तीस किलोमीटर वेगाने आलेली गाडी पांढऱ्या रेषेवर ब्रेक दाबल्यापासून तेरा मीटरच्या आत थांबली पाहिजे.

काटा तीसवर आला. रेषा आली. “दाबा!” मी म्हणाले. बस उजवीकडे ओढली गेली आणि फरफटत थांबली. मागून वरिष्ठांचा आवाज आला, “सोळा पॉइंट एक!”

उजवीकडे ओढ, म्हणजे डावे चाक धरत नव्हते. मी उतरून पुढच्या डाव्या चाकाशी वाकले. जळक्या तिळाच्या तेलाचा वास येत होता.

“काका, ब्रेकच्या ड्रमात तेल कायले?”

काकांनी मान वळवली. “काल ड्रम खोलून साफ करून राह्यलो होतो. तर नायकबाबा आले बाटली घेऊन. म्हणे, पोरी परीक्षेले चालल्या, चाकाले तेल पाजल्याबिगर गाडी हालवू नको. म्या म्हटलं, बाबा, हे बैलगाडी नोहे. तर म्हणे, कालचा डायवर तू, मले शिकवून राह्यला का?”

नायकबाबा म्हणजे आमच्या तांड्याचे प्रमुख; मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत, तेव्हा निघण्याआधी खुरांना तेल लावत. पुढे बैलगाड्या आल्या, तेल आसाला गेले. आता ते बसच्या चाकाला पोचले होते, नेमके जिथे कोरडेपणावर सगळे अवलंबून असते तिथे.

“पुसलं ना म्या, फडक्यानं.”

“ड्रमातल्या ब्रेक-लायनरनं प्यालेलं तेल फडक्यानं नाही निघत, काका. नवे लायनर लागतील.”

ते बसवून पुन्हा तपासणीची वेळ घ्यायची, तर संकेतस्थळावरच्या पहिल्या मोकळ्या दिवसापर्यंत निम्मे पेपर होऊन गेले असते. मी वरिष्ठांकडे आजच्याच वेळेत आणखी एक फेरी मागितली. त्यांनी घड्याळ पाहिले आणि होकारार्थी मान हलवली.

तेल उष्णतेने जळते. अर्धा ब्रेक दाबून आम्ही बस पथावरून पुन्हा पुन्हा फिरवली. चाकातून निळसर धूर निघू लागला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

“ताई, पास झाली का वं आपली बस? आधी तिले होऊ दे, मंग मी होतो!” मागे मुली खिदळल्या. “चालू आहे,” एवढेच मला सुचले.

दुसरी फेरी. तीस. रेषा. काका ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले. बस सरळ थांबली. मी खाली उतरले.

“तेरा पॉइंट चार,” वरिष्ठ म्हणाले. मग जवळ येऊन हळूच, “दोन विती, मॅडम. टेप एवढी इकडेतिकडे होते. तेरा लिहा.”

“लिही ना माय,” काका म्हणाले. “तुह्या बहिणीचाच पेपर हाय.”

मी टेप पुन्हा लावली. वेगमापकात, पथाच्या उतारात, रेषेच्या जाडीत मी चूक शोधली. आयुष्यात कुठल्याही प्रयोगात चूक सापडावी म्हणून मी इतकी तडफडले नव्हते. सापडली नाही. आणि ही बस रिकामी होती. मुली बसल्या की वजन वाढणार. पन्नासच्या वेगाला हेच अंतर जवळजवळ तिप्पट होणार. ड्रम थंड झाल्यावर उरलेले तेल काय करील, हे मला सांगता येत नव्हते. ढाणकीच्या अलीकडच्या उतारावर शाळकरी मुलांच्या सायकली असतात.

काका बसच्या पायरीवर बसले होते. “घरी काय सांगू मी?” त्यांनी विचारले. तपासणीचा तक्ता मांडीवर घेऊन मी पेन उघडले. आकडे सावकाश काढले.

थांबण्याचे अंतर, मीटरमध्ये: १३.४