नारायणमामांचं माडगं

नारायणमामा गेल्याचं कळलं तेव्हा शाळेत मधली सुट्टी चालू होती. बालाजीचा, म्हणजे माझ्या मामेभावाचा, फोन आला. "अक्का, अप्पा गेले. चहा मागितला, अन् चहा येईस्तोवर..." मी तशीच निघाले. जवळा बाजारहून वसमतची एसटी धरली. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका होता. वय सत्तरीच्या पुढचं. भेटायला येणारा जो तो मात्र मरणाबद्दल कमी आणि त्यांच्या हुलग्याच्या माडग्याबद्दल जास्त बोलत होता. "मामाच्या माडग्यानं टोळीला कधी फ्लू शिवला न्हाई." लोकांनी सुतकातच मामीला कृती विचारली, आणि चार दिवसांत ती मामांच्या फोटोखाली मोबाइलवर फिरू लागली. आमच्या आजोळ-माहेर दोन्ही घरांत कॉलेजची पदवी घेतलेली पहिली मी. ते मी लपवत नाही. विज्ञान शिकवते. मामांच्या नावावर अर्धीच गोष्ट फिरू नये, म्हणून हे लिहिते आहे.

मामांचा हळद शिजवायचा कुकर होता. हळद निघाली की तो ट्रॅक्टरला जोडायचा आणि मजुरांची टोळी घेऊन या आखाड्यावरून त्या आखाड्यावर जायचं. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. दिवसभर वाफेसमोर उभं राहायचं, घामाचं अंग घेऊन उघड्यावर निजायचं, आणि पहाटेचा गार वारा खायचा. सर्दी-तापाला याहून चांगली सोय नाही. त्यात टोळी एका माठातलं पाणी पिणार, एका ताडपत्रीखाली झोपणार. एकाला फ्लू झाला की आठवड्यात अर्धी टोळी आडवी, आणि काढलेली हळद शेतात पडून. म्हणून मामा खाण्याला जपायचे. सकाळी आलं टाकलेला गवती चहा, दुपारी भाकरीबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि जवसाची चटणी. संध्याकाळी माडगं. हुलगे भाजून दळलेलं पीठ, ठेचलेला लसूण, जिरं, मिरे, सुंठ आणि ढिगातूनच उचललेलं ओल्या हळदीचं बोटभर कांडं किसून. पातळ, उकळतं, आणि खरं सांगायचं तर मला कधीच न आवडलेलं.

कॉलेजसाठी मी मामांकडेच राहिले. सुट्टीच्या दिवशी मामीबरोबर आखाड्यावर जायचे. स्वयंपाक मामीचा, पण माडगं वाढायचे मामा. प्रत्येकाच्या हातात स्वतः वाटी द्यायचे आणि रिकामी होईपर्यंत समोरून हलायचे नाहीत. आधी मला तो मालकाचा मान वाटला. नंतर लक्षात आलं, की ज्याने वाटी अर्धी ठेवली त्याचं अंथरूण त्या संध्याकाळी टोळीतून उचललं जायचं. त्याचा पेला वेगळा, सकाळी तो दवाखान्यात. वाफेवर काम करणाऱ्या सगळ्यांचीच अंगं तापलेली असतात. हात लावून ताप कळत नाही. आजारी माणसाच्या तोंडाला मात्र कडवटपणा येतो आणि हुलगा घशाखाली उतरत नाही.

मी मामांना सरळ विचारलं, "मामा, माडग्यानं फ्लू अडत न्हाई. तुमी वाटी बघता."

ते हसले. "कळलं ना? मंग गप राहा. औषध म्हणलं की माणूस रोज पितंय. तपासणी म्हणलं की आखाड्याच्या मागं वतून येईल."

"म्हणजे माडगं खोटं?"

"खोटं काहून? दिवसभर राबलेल्या माणसाला गरम पडलं पोटात, ते काय वाया गेलं? तुमच्या कॉलेजात एका गोष्टीचा एकच उपयोग शिकवतात व्हय?"

त्यांचा माडग्यावरही विश्वास होता आणि स्वतःच्या डोळ्यावरही. दोन्ही एकाच माणसात असू शकतं.

मी शेवटच्या वर्षाला होते त्या हंगामात गावोगाव फ्लू होता. टोळीत शकीला होती, दोन जिवाची. नवरा रफिक सरपण बघायचा, ती शिजलेली हळद पसरायची. मामांनी तिला दोनदा घरी बसायला सांगितलं, पण ती ऐकणारी नव्हती. अशा अवस्थेत फ्लू झाला तर बाईचं काय होतं, हे मी त्याच वर्षी वाचलं होतं. मामांनी वाचलेलं नव्हतं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं, माझ्या मावशीचं, तसंच झालं होतं; ती दोन जिवाची असतानाच तापाने गेली...

त्या संध्याकाळी बालाजीने वाटी एका घोटात रिकामी केली. कुकर तोच चालवायचा. वाफेचा अंदाज त्याच्याइतका कुणाला नव्हता, आणि मामा दुसऱ्याला वाफेच्या चावीला हात लावू देत नसत. मामा क्षणभर बघत राहिले. मग त्याच्या वाटीत पुन्हा माडगं ओतलं.

"बास, अप्पा. पोट भरलं."

"तुझं पोट कवापासून एका वाटीत भरून राहिलं?"

रफिक म्हणाला, "वहिनी माहेरी गेल्यापासून मामा! पोरगं वाळून चाललं." सगळे हसले. शकीलाही हसली. मामा हसले नाहीत.

"पी."

बालाजीने वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. बापाची युक्ती त्याला ठाऊक होती, म्हणूनच पहिली वाटी त्याने डोळे मिटून गिळली होती. दुसरी उतरेना.

"उठ. घरी जा."

"कुकर कोण चालवंल? अर्धा ढीग बाकी हाय. उद्या शेतमालक दुसरी टोळी आणतील."

"आणू दे."

"मला काय झालं न्हाई, अप्पा! टोळीसमोर काहून असं..."

मामांनी शकीलाकडे पाहिलंही नाही. पण बालाजीने पाहिलं. मग तो उठला आणि मोटारसायकलकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मालकाने खरंच दुसरा कुकर आणला, आणि त्या घराने मामांना पुन्हा कधी बोलावलं नाही. दुसऱ्या टोळीचं काय झालं ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. बालाजी तापाने फणफणला. डॉक्टरांनी फ्लूच सांगितला. आमच्या टोळीत आणखी दोघं खोकली. शकीलाला काही झालं नाही, आणि पुढे तिला मुलगी झाली, ती आता शाळेत जाते. हे कशामुळे झालं याचा पुरावा माझ्याकडे नाही. बालाजी मात्र त्यानंतर दोन हंगाम बापाशी कामापुरतंच बोलला. आजारी पडल्याचा त्याला राग नव्हता, सगळ्यांसमोर उठवल्याचा होता. मामांनी कधी समजूत काढली नाही. मला वाटतं काढायला हवी होती.

गेल्या रविवारी मी आखाड्यावर गेले. यंदाचा कुकर बालाजीने सुरू केला आहे. हा लेख लिहिते आहे हे त्याला सांगितलं. टोळीने वाचलं तर उद्यापासून सगळे वाट्या चाटूनपुसून ठेवतील, असंही म्हटलं. "लिही," तो म्हणाला, "एक वाटी कुणीबी गिळतंय. मी गिळली नव्हती का?" संध्याकाळी तोच वाढत होता. एकेकासमोर उभा, हातात पळी. रफिकच्या वाटीत दुसऱ्यांदा ओतलं तेव्हा रफिक ओरडला, "अरे, बापासारखा करून राहिला काय!" बालाजी पुढे सरकला. माझ्यासमोर आला.

मी दोन घोट घेतले. तिसरा जाईना.

त्याने वाटीत वाकून पाहिलं. "अक्का, अंग दुखतंय का?"

"न्हाई."

"ताप?"

"न्हाई रे. मामा आठवले."

त्याने टोळीवर एक नजर टाकली. मग माझ्या हातातून वाटी घेतली, टोळीकडे पाठ केली आणि उरलेलं स्वतः पिऊन टाकलं.