पंचवीस केबीची पोथी

माझं आणि काकांचं कधी पटलं नाही, आणि आता ते नाहीत म्हणून मी गोड लिहिणार नाही. वडील गेल्यावर काशीतल्या बालाजी घाटाजवळच्या आमच्या घरात त्यांचंच राज्य होतं. मी कंप्यूटर शिकलो तर म्हणाले, "पौरोहित्य जमलं नाही, आता बटणं दाब." जेवताना तोंडातून हिंदी निघालं की ताटावरून उठवायचे. स्वतः मात्र पानवाल्याशी तासतासभर बनारसीत गप्पा छाटायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गोदौलियाला एका दुकानात मी कामाला होतो. दुकानाचा मालक साडीवाल्यांच्या वेबसाइट बनवायचा, आणि परदेशी गिऱ्हाईक खेचायला त्याला त्यात जुन्या काशीचं काहीतरी हवं होतं. आमच्याकडे पणजोबांनी हाताने लिहिलेली श्राद्धाची पोथी होती, सुट्या पानांची. जगभर दिसेल म्हटल्यावर काका पाघळले. रेशमी रुमालात बांधून त्यांनी ती माझ्या हाती दिली आणि वर ताकीद दिली, "पान दुमडलं तर घरात पाऊल टाकू नकोस."

स्कॅन केलेलं एकेक पान इतकं जड होतं, की तेव्हाच्या टेलिफोन लाइनवर ते उघडायला अर्धा तास लागला असता. मालक म्हणाला, "पच्चीस केबी. इससे ऊपर गया तो अमरीकावाला सो जाएगा." मी पेटलो. फाइल दाबून लहान करायला क्वालिटीचा आकडा एकेक पायरी खाली आणायचा, अक्षर मोठं करून कडा बघायच्या, कडेला धुरकट ठिपके दिसले की एक पायरी वर चढायचं. तरी पान चाळिसाच्या खाली येईना. मग कळलं की वजन अक्षरांचं नाहीच, कागदाचं आहे. पिवळेपणा, डाग, सुरकुत्या, सगळं साठवायला जागा लागते. मी ब्राइटनेस चढवला, कागद पांढराफेक केला, आणि पान बाविसावर आलं. काळी शाई जशीच्या तशी. डोळ्याला फरक कळणार नाही, असं मी दुकानभर छाती फुगवून सांगत सुटलो.

फरक एक होता आणि तो मला माहीत होता. पोथीच्या समासात माझ्या वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेलं होतं. जन्मभर ते हीच पोथी घेऊन घाटावर बसले. बारीक, फिकट अक्षर. कागदाच्या पिवळेपणाबरोबर तेही उडालं. मी म्हटलं, अमेरिकावाल्याला त्याचं काय? पोथी घरी आहेच की. दुकानाच्या डिस्कवर जागा नव्हती, म्हणून मोठ्या फायली पुसून टाकल्या, छोट्या चार-पाच फ्लॉप्यांवर घेतल्या आणि पोथी काकांना परत केली.

"सगळी उतरवलीस?" त्यांनी विचारलं.

"हो, सब आ गया."

"मराठीत सांग."

"सगळी उतरवली," मी दातओठ खात म्हणालो.

आमच्याकडे पोथीची नवी प्रत झाली की जीर्ण झालेली घरात ठेवत नाहीत, गंगेला देतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण फ्लॉपीलाही कुणी प्रत समजेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. एकादशीला काकांनी स्नान केलं, पोथीला गंध-फूल वाहिलं, नावेतून मधल्या धारेपर्यंत गेले आणि ती सोडून आले.

संध्याकाळी घरी आल्यावर मला हे कळलं. "अहो, विचारायचं तरी एकदा!" मी ओरडलो.

"विचारलं होतं," ते म्हणाले. "तूच सांगितलंस, सगळी उतरवली."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. त्याचाच मला जास्त संताप आला. मग मी जे बोललो ते गल्लीने ऐकलं, इथे लिहीत नाही.

आई मध्ये पडली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्याबरोबर दुकानात आली. त्याआधी ती कधी तिथे आली नव्हती. स्टुलावर बसून म्हणाली, "ते पिंडदानाचं पान काढ. तिथे ह्यांनी लिहिलंय, यजमान रडत असल्यास थांबावे, घाई करू नये."

मी पान काढलं. शाईची अक्षरं टाक घेऊन आत्ताच लिहिल्यासारखी होती. समास पांढरा होता.

"दुसरं काढ," ती म्हणाली. मी काढलं. मग तिसरं. अशी सहा-सात पानं तिने पाहिली, प्रत्येकाच्या चारी कडा. पुढचं काढ असं ती म्हणेना, तेव्हा मीच चिडून बोललो, "काकांनी बुडवली पोथी. आता मी काय करू?"

ती उठली, पदर सावरला.

"भाऊजींनी गंगेला दिली," ती म्हणाली. "ह्यांचं अक्षर तू कुणाला दिलंस?"