सगळ्यांत शेवटी

गारखेड्यात माझ्या मुलाला शाळेतून आणणाऱ्या रिक्षावाल्या काकांचं नाव मला अजून माहीत नाही. मुलाला उतरवताना ते आधी त्याचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतात, मग त्याला हात देतात. मुलं कितीही कोकलली तरी त्यांचा आवाज चढत नाही.

एक चिमुरडी मात्र कायम रिक्षात मागे उरायची. तिचं घर तर आमच्या आधी लागतं. भुकेल्या पोरीला उगाच फिरवतात, म्हणून एकदा मी तडकूनच विचारलं, "काका, हिला आधी का सोडत नाही?"

ते मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तिचे मायबाप वेगळे राहतेत. आज आईकडं का बापाकडं, हे तिला रोज इचारावं लागतं. सगळ्यांसमोर इचारलं की लेकरू मान खाली घालतं. म्हणून बाकीचे उतरले की इचारतो."

यंदा शाळा सुरू झाली, तेव्हा तिच्या शेजारी आणखी दोन मुलं मागे उरलेली दिसली. मी नुसतं काकांकडे पाहिलं.

"आता तिघं झाले, ताई," ते म्हणाले. "एकमेकांसमोर लाजत नाय."

हे सांगताना मान मात्र त्यांनीच खाली घातली होती.