काठी आणि कापड्याचे व्याही

आईशप्पथ, हे सगळं जसंच्या तसं घडलंय. एक गोष्ट सोडून. बरं, दीड धरा.

गुडघा बिघडला तेव्हा महाडच्या डॉक्टरांनी माझ्या हातात काठी दिली, वाकड्या मुठीची. पन्नाशीत काठी म्हणजे अपमानच की हो! मग मोबाईलवर एक म्हातारा सापडला. जपानी की कोरियन, मला अजून समजलेलं नाही. पण असल्याच काठीने तो भले भले धटिंगण लोळवत होता. मूठ घोट्यात अडकवायची, ओढायची, माणूस आडवा! भाषा कळेना, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: काठीला हात लावेल तो शत्रू.

महिनाभर गच्चीवर सराव केला. बायको म्हणायची, "अहो, त्या काठीने जळमटं तरी काढा!"

अशातच सायलीला, म्हणजे आमच्या लेकीला, पोलादपूरकडच्या कापडे गावचं स्थळ आलं. पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. आता दोन्ही घरांनी हो म्हणायचं, एवढंच बाकी. मी आणि बायको निघालो तेव्हा लेकीने हात जोडले. "बाबा, तिथे फक्त चहा प्या."

अंगणात पाय ठेवतोय तोच होणारे व्याही धावत आले. आपल्याकडची रीतच ती, पाहुण्याच्या हातातलं सामान काढून घ्यायचं. त्यांनी माझी काठी धरली.

"द्या हिकडं, पाव्हणं. दमला आसाल."

काठीला हात! डोक्यात तो म्हातारा ओरडला. मीही ओरडलो. आता उजवा पाय मागे की डावा? मोबाईलमध्ये तो माझ्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याचा उजवा तो माझा... कोणता? जाऊ दे म्हटलं! मूठ फिरवली, घोट्यात अडकवली, ओढली. व्याही हवेत! गरागरा दोन गिरक्या, आणि थेट सारवणासाठी कालवलेल्या शेणाच्या घमेल्यात!

बायकोने डोळे मिटून घेतले. मोडलं लेकीचं लग्न!

तेवढ्यात पडवीतून व्याह्यांची म्हातारी आई म्हणाली, "हो सांगून टाक रे त्यांना! असा व्याही मिलायचा नाय."

आता तुम्ही विचाराल, पोरगा शेणात पडलेला असताना आई होकार कसा देईल?

बरोबर आहे. शेणात व्याही नव्हते, मी होतो. घोटाही माझाच. आणि गिरक्या कसल्या, गोणीसारखा धप्पकन पडलो.

म्हातारीचं पुढचं वाक्य मात्र अक्षरशः खरं. "गरीब माणूस हाय बिचारा. मारामारीतबी सोताचाच पाय वढतो."